तरवडाचे कूळ आणि कातडे कमावणाऱ्याची जात

तरवड हे काही दुर्मिळ झाड नव्हे. काळ्या कसदार जमिनीत नांगर इतका फिरतो की तिथे त्याला जागा उरत नाही. पण दख्खनच्या पठारावर जिथे मुरूम वर आलेला असतो, माळ असतो, पडीक असते, रस्त्याची कड किंवा बांध असतो, तिथे हे पुरुषभर उंचीचे झुडूप उभे असते. फुले पिवळी धमक. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ. पानांच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन उपपर्णे. जनावरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, म्हणून चराईच्या रानातही ते टिकून राहते. वऱ्हाडातल्या वाचकाने त्याचा तरोट्याशी घोटाळा करू नये. तरोटा पहिल्या पावसाबरोबर उगवतो आणि हिवाळ्यात वाळून जातो. आषाढात ज्यांच्या कणगीचा तळ दिसतो त्या घरांनी त्याची कोवळी पाने शिजवून दिवस काढले आहेत. तरवड वर्षानुवर्षे उभा असतो. दोघे एकमेकांचे भाऊबंद आहेत, हे मात्र खरे.

मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. त्याच झुडपाची साल गावाबाहेर, ढोरांच्या कुंडात कातड्याबरोबर भिजत असे. फुलाला देव्हाऱ्यात जागा होती आणि सालीने ज्याचे हात रंगले त्याला देवळाच्या पायरीवरही नव्हती. हा विरोधाभास आपल्या वाचकांना नवा नाही. मला पाहायचे आहे ते वेगळे: या झाडाला शास्त्रात जे नाव मिळाले, जे स्थान मिळाले, ते कसे ठरले, कितीदा बदलले, आणि त्याच काळात, पुष्कळदा त्याच सत्तेच्या छायेत, त्याची साल वापरणाऱ्या माणसाचे जे स्थान ठरवले गेले ते कसे ठरले.

एक शब्द आधीच बाजूला काढून ठेवू. मराठी वनस्पतिशास्त्रात ‘फॅमिली’ला आपण कूळ म्हणतो, ‘जीनस’ला प्रजाती आणि ‘स्पीशीज’ला जाती. वर्गात फळ्यावर ‘जाती’ हा शब्द लिहिताना समोरच्या बाकांवरची काही मुले क्षणभर मान वर करतात. ज्या शब्दाने त्यांचा दाखला भरला जातो तोच शब्द झाडासाठी वापरला जातो आहे, याची ती नोंद असते. परिभाषा घडवणाऱ्या विद्वानांना हा शब्द अगदी निरुपद्रवी वाटला असावा. ज्यांना त्याचा उपद्रव झाला ते परिभाषेच्या समितीवर नसतात.

तरवडाला जुन्या निघंटूंमध्ये आवर्तकी म्हटले आहे असे बहुतेक वैद्य मानतात. या आवर्तकीचा एक पर्याय आहे ‘चर्मरंगा’. चामड्याला रंग देणारी. संस्कृत कोशात हा शब्द आला तो कुठून? कोशकार चामडे कमावत नव्हता. त्याने ते कुणाला तरी कमावताना पाहिले, किंवा कुणाकडून ऐकले. ज्ञान शिवेच्या आत आले, पण ते देणारा माणूस बाहेरच राहिला. उलट त्याच्यासाठी दुसरे पुस्तक तयार होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चामड्याचे काम धिग्वणाला नेमून दिले आहे, आणि कारावर नावाचा दुसरा चर्मकार निषाद पुरुष आणि वैदेह स्त्री यांच्या संबंधातून उपजला असे सांगितले आहे. तो अध्याय वाचताना एखाद्या वर्गीकरणकाराची वही वाचल्यासारखे वाटते. या दोहोंचा संकर झाला की अमुक, त्या दोहोंचा झाला की तमुक; आणि प्रत्येक संकराला एक धंदा. फरक इतकाच की वनस्पतिशास्त्रज्ञ आधी झाड पाहतो व मग रकाना आखतो. इथे रकाना आधी आखला आहे आणि माणसे नंतर त्यात बसवली आहेत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला या पुस्तकाची होळी झाली ती योग्य पुस्तकाची झाली.

आता युरोपकडे वळू, कारण तरवडाचे आजचे नाव तिथून आले. स्वीडनचा कार्ल लिनियस हिंदुस्थानात कधी आला नाही. या भागातल्या झाडांची त्याची ओळख प्रामुख्याने दुसऱ्यांनी वाळवलेल्या नमुन्यांवरून आणि दुसऱ्यांच्या चित्रांवरून झाली. पॉल हरमान हा डच कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात लंकेत होता. त्याने गोळा केलेला वनस्पतिसंग्रह कैक वर्षे विसरला गेला आणि १७४४ साली कोपनहेगनच्या ग्युंथर नावाच्या औषधविक्याकडून लिनियसच्या हाती पडला. त्यावरून १७४७ साली त्याने लंकेच्या वनस्पतींचे पुस्तक लिहिले. मग १७५३ च्या ‘स्पीशीज प्लँटारम’मध्ये तरवडाला दोन शब्दांचे नाव मिळाले: कॅसिया ऑरिक्युलाटा. ऑरिक्युला म्हणजे छोटा कान. देठाशी असलेल्या त्या उपपर्णांवरून. नाव चपखल आहे, त्यात शंका नाही.

लिनियसची पद्धत सोपी होती: फुलातले पुंकेसर मोजा, स्त्रीकेसर मोजा, त्यावरून वर्ग ठरवा. तरवडाला पुंकेसर दहा, म्हणून तो ‘डेकँड्रिया’ वर्गात. प्रत्यक्षात त्या दहांपैकी वरचे तीन वांझ असतात आणि खालचे दोन-तीन मोठे असतात. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असते आणि भुंगा अंगाची थरथर करून त्यातून पराग झटकून घेतो. मोजणाराला दहा दिसले की त्याचे काम संपले. याच लिनियसने माणसांचेही रकाने आखले. १७५८ च्या ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत मानवाचे चार प्रमुख भेद त्याने केले, अमेरिकी, युरोपी, आशियाई, आफ्रिकी, आणि प्रत्येकाला रंगाबरोबर स्वभावही चिकटवला. युरोपी माणूस कायद्याने चालतो, आफ्रिकी लहरीने. पुंकेसर मोजणाऱ्या हाताने स्वभाव कशाने मोजला, हे त्याने सांगितलेले नाही.

लिनियसच्या आधीचे एक पुस्तक मात्र आपण विसरता कामा नये. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापवला. तरवडाचा भाऊ बहावा त्याच्या पहिल्या खंडात ‘कोन्ना’ या मल्याळी नावाने आहे. या ग्रंथाची बरीचशी माहिती इट्टी अच्युतन या वैद्याची होती. हा वैद्य एळव जातीचा, म्हणजे त्या काळच्या केरळात ज्याला सवर्णांपासून ठरावीक पावलांचे अंतर ठेवून चालावे लागे अशा जातीचा. त्याने आपल्या घरच्या ताडपत्रांवरून आणि स्वतःच्या अनुभवावरून ही माहिती दिली असे त्याचे निवेदन १६७५ सालचे आहे आणि ते त्याच्याच लिपीत पहिल्या खंडात छापले आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मणांचे निवेदनही तिथेच, नागरी लिपीत आहे. लिनियसने या ग्रंथाचा भरपूर उपयोग केला. त्यातून त्याने झाडांना नावे दिली, पण अच्युतनचे नाव त्या नावांमागे लागले नाही. तरीही एका ‘अस्पृश्य’ माणसाच्या ज्ञानाची सही सतराव्या शतकातल्या छापील पुस्तकात आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना शाळेतच कळली पाहिजे. चामडे कमावणाऱ्याच्या वाट्याला असा व्हान ऱ्हेड आला नाही.

त्याच्या वाट्याला आला विल्यम रॉक्सबर्ग. इथे अंजनगावचा संबंध येतो. ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगाव येथे आर्थर वेलस्ली आणि दौलतराव शिंदे यांच्यात तह झाला. त्याआधी महिनाभरात अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव झाला होता. युद्धाच्या शेवटी वऱ्हाड निजामाकडे गेले, आणि पन्नास वर्षांनी, १८५३ साली, निजामाकडून कंपनीकडे. शाळेच्या पुस्तकात अंजनगाव एवढ्यापुरतेच येते. पण त्या सालच्या कलकत्त्याकडे पाहिले तर चित्र पुरे होते. वेलस्लीचा थोरला भाऊ तिथे गव्हर्नर जनरल होता. त्याने १८०० साली काढलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरी मराठी शिकवत होता. त्याचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मोडी अक्षरांत छापलेला मराठी कोश १८१० साली निघाला. आणि नदीपलीकडच्या शिबपूरच्या कंपनीबागेत रॉक्सबर्ग हिंदुस्थानच्या झाडांची वर्णने लिहीत बसला होता. मुलूख, भाषा आणि झाडे यांची मोजदाद एकाच वेळी चालू होती. रॉक्सबर्ग १८१५ साली वारला. त्याचा ‘फ्लोरा इंडिका’ पुरता छापून निघाला तो १८३२ साली, कॅरीच्याच सेरामपूरच्या छापखान्यातून. त्यात त्याने तरवडाला कॅसियातून काढून सेना या प्रजातीत घातले. सेना ऑरिक्युलाटा.

रॉक्सबर्गसाठी हिंदी चित्रकारांनी सुमारे अडीच हजार झाडांची रंगीत चित्रे काढली. त्या चित्रकारांची नावे बहुतांशी नोंदलेली नाहीत. त्यानंतरच्या वनस्पतिग्रंथांत तरवडाच्या वर्णनाखाली ठराविक वाक्य येते: साल चामडे कमावण्यासाठी वापरतात. वापरतात. कोण? या क्रियापदाला कर्ता नाही.

तो कर्ता काय करत होता ते जरा सविस्तर पाहू, कारण आपल्याच लेखकांनीही कुंडाचे वर्णन करताना फक्त दुर्गंधी लिहिली आहे. ओले कातडे आधी पाण्यात भिजवून रक्त-माती काढायची. मग चुन्याच्या कुंडात काही दिवस ठेवायचे, म्हणजे केसांची मुळे सुटतात. मग केस आणि आतले मांस खरवडायचे. चुना पुरता धुऊन काढायचा, नाही तर साल आत शिरत नाही. मग सालीचे पाणी. पहिल्याच दिवशी दाट पाणी दिले तर कातड्याचा वरचा थर आवळतो आणि गाभा कच्चा राहतो. म्हणून आधी जुने, पातळ पाणी आणि मग दर खेपेला अधिक कडक. मोटेच्या जाड कातड्याचा पखालीसारखा पिशवा शिवून त्यात कुटलेली साल आणि पाणी भरून तो टांगून ठेवायचा, पाणी आतून झिरपत बाहेर येई. आठवडेच्या आठवडे हे काम चाले. कोणत्या ऋतूत पाणी लवकर आंबते, कातडे बोटाने दाबल्यावर कसे लागले म्हणजे ते पिकले, हे मोजायला तराजू नव्हता, घड्याळ नव्हते.

आता रसायनशास्त्र काय सांगते? तरवडाच्या सालीत साधारण १८ टक्क्यांच्या आसपास टॅनिन असते. हे टॅनिन कातड्यातल्या तंतूंना बिलगते आणि मग ते कुजत नाही. बाभळीच्या सालीने कातडे टणक होते, तळव्याला चांगले. तरवडाची साल लवकर भिनते आणि मऊ, फिकट रंगाचे कातडे देते. पण तरवडाने कमावलेले कातडे उन्हात ठेवले की लालसर पडते. हा दोष घालवायचा तर शेवटी हिरड्याचे पाणी द्यावे लागते. हिरड्याचे टॅनिन निराळ्या रासायनिक वर्गातले आहे. म्हणजे टॅनिनचे दोन वर्ग आहेत आणि एकाचा दोष दुसऱ्याने झाकतो, हे प्रयोगशाळेने पुस्तकात लिहिण्याच्या कितीतरी आधी कुंडावर माहीत होते. याला मी वर्गीकरणच म्हणतो. झाडांचे त्यांच्या गुणांवरून केलेले, हाताने तपासलेले, बापाकडून मुलाकडे आणि आईकडून मुलीकडे आलेले वर्गीकरण. साल ठेचणे, वाळवणे, कुटणे यात बाई होतीच. तिचे नाव तर जातीच्या नोंदीतसुद्धा नाही.

नोंद कशाची झाली? १९१६ साली लंडनमध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरचे चार खंड निघाले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेले होते. या ग्रंथात जाती अकारविल्हे लावल्या आहेत, जशी एखाद्या वनस्पतिकोशात झाडे लावतात: उत्पत्ती, पोटभेद, लग्नाचे नियम, देव, धंदा, स्वभाव. त्यात माहितीचा साठा मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपण सगळे तो चाळतो. पण स्वभावाचा रकाना तिथेही आहे, लिनियससारखाच. त्याआधी १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावायला निघाला होता.

त्याच १९१६ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. रसेल-हिरालाल विचारत होते की कोणती जात कशी आहे. आंबेडकरांनी विचारले, जात टिकते कशाने? त्यांचे उत्तर होते: जातीतच लग्न करण्याच्या सक्तीने. मला वर्गात हा निबंध ‘जाती’ या शब्दाची फोड करायला फार उपयोगी पडतो. वनस्पतीच्या दोन जाती वेगळ्या मानतात त्या सहसा निसर्गात त्यांचा संकर होत नाही किंवा टिकत नाही म्हणून. माणसांच्या दोन जातींत संकर होऊ शकतो, सहज होतो, आणि म्हणूनच तो होऊ नये यासाठी एवढा बंदोबस्त लागतो. ज्या भेदाला पहारेकरी लागतो तो भेद निसर्गाचा नसतो. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी नाकांचीच मापे हातात घेतली, आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत हे त्याच मापांवरून दाखवले.

इकडे तरवडाचे काय झाले? १८७१ साली बेंथम या इंग्रज शास्त्रज्ञाने सेना वगैरे सगळे पुन्हा एकत्र करून कॅसिया ही एकच मोठी प्रजाती ठेवली. शंभरावर वर्षे ते चालले. आपल्यापैकी ज्यांनी जुन्या पुस्तकांवर पदवी घेतली ते आजही कॅसिया ऑरिक्युलाटाच म्हणतात. मग १९८२ साली अर्विन आणि बार्नेबी या दोघांनी पुंकेसरांचे तंतू, फुलाच्या देठावरची छदे आणि शेंगा बारकाईने तपासून त्या प्रजातीचे तीन तुकडे केले. बहाव्याच्या फुलात तीन पुंकेसरांचे तंतू लांब आणि वळलेले असतात, म्हणून तो कॅसियात राहिला. तरवड आणि तरोटा सेनामध्ये गेले. रॉक्सबर्गने १८३२ साली दिलेले नाव दीडशे वर्षांनी परत आले.

बाभळीची गोष्ट तर आणखी गमतीची. २००५ च्या व्हिएन्ना परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे राहील असे ठरले; मोठा वाद झाला, २०११ साली मेलबर्नला तो निर्णय कायम झाला. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका झाली. आणि २०१७ साली शेंगवर्गीय वनस्पतींच्या अभ्यासकांनी जनुकांच्या पुराव्यावरून बाभळीचा सबंध गट तरवड-बहाव्याच्या उपकुळात घातला. ढोराच्या कुंडात ज्या दोन साली शेजारी शेजारी पडत होत्या त्या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी आता एका उपकुळातल्या आहेत.

यात कुणाचा धर्म बुडाला नाही. पुरावा आला, वर्ग मोडला, नवा केला, लोकांनी कुरकुर केली आणि लेबले बदलली. माणसाच्या रकान्याला हा न्याय कधी लागला? १९७६ पर्यंत तर एखादी जात राज्याच्या एका भागात अनुसूचित आणि दुसऱ्या भागात नाही असेही होते. त्या सालच्या कायद्याने या प्रादेशिक मर्यादा बहुतांशी उठल्या. १ ऑगस्ट २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून उपवर्गीकरण हा शब्द आपल्या वस्त्यांत रोज ऐकू येतो. त्या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. कोण मोजतो, कोणत्या लक्षणावर मोजतो, आणि पुरावा बदलला तर रकाना बदलणार आहे का, हे प्रश्न मात्र तिथेही विचारावेच लागतील.

उरतो तो आपल्या घरातला अवघड प्रश्न. हे ज्ञान ज्या कामात होते ते काम सोडा असे आपल्याला सांगितले गेले, आणि ते बरोबर सांगितले गेले. महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचा आग्रह धरला. मेलेली ढोरे ओढणे हा बलुत्याचा हक्क नव्हे, बेडी आहे, हे समाजाला कळले. १९३० च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला गांधीवादी कार्यकर्त्यांनी चर्मालय काढले. सवर्ण माणूस कातड्याला हात लावी तेव्हा तो त्याग ठरे; ढोर-चांभाराचा हात लागे तेव्हा तो विटाळ. हे पाहिल्यावर कुणी आपल्या मुलाला कुंडावर बसवील? तसेही बाजाराने कुंड मोडत आणलेच होते. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण आफ्रिकेतली वॅटलची साल मद्रासकडच्या कारखान्यांत तरवडाची जागा घेऊ लागली, आणि क्रोमने आठवड्यांचे काम दिवसांवर आणले. ज्यांनी ते काम सोडले नाही किंवा ज्यांना सोडता आले नाही, त्यांचे काय होते ते जुलै २०१६ मध्ये गुजरातमधल्या उनाने दाखवले: मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात फोडून काढले गेले.

म्हणून ‘पारंपरिक ज्ञानाचे जतन’ असे कुणी म्हणू लागले की मला धास्ती वाटते. त्या शब्दांत बहुधा ज्ञानाबरोबर ज्ञानी माणसालाही जागच्या जागी जतन करण्याचा बेत असतो. तेलंगणाने २०१४ साली तरवडाचे, तिकडच्या तंगेडूचे, फूल राज्यपुष्प केले. बतुकम्माच्या सणात ते रचतात. चांगले आहे. त्याच तेलुगू मुलखातले कांचा इलय्या यांनी २००९ च्या ‘पोस्ट-हिंदू इंडिया’मध्ये चामडे कमावणाऱ्या मादिगांना शास्त्रज्ञ म्हटले आहे. मला हा मार्ग पटतो, एका अटीवर: शास्त्रज्ञ म्हणायचे ते गेलेल्या कामाचे श्रेय द्यायला, पुढच्या पिढीला कामाला जुंपायला नव्हे. धंदा टाकला म्हणून त्यातली बुद्धीही टाकली पाहिजे असे नाही. इट्टी अच्युतनची सही आज वाचता येते कारण ती छापली गेली. त्यासाठी कुणाच्या नातवाला ताडपत्रावर लिहीत बसावे लागलेले नाही.

अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावच्या एका निरक्षर परटाचे, गाडगेबाबांचे, नाव आमच्या अमरावती विद्यापीठाला आहे. अशा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी दरवर्षी झाडाची फांदी दाबून वाळवतो, कागदावर चिकटवतो आणि कोपऱ्यात लेबल लावतो. कूळ, शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, उपयोग. या लेबलावर आणखी एक ओळ सहज मावते: उपयोग कुणी सांगितला. मी विद्यार्थ्यांना तरवडाच्या पानावर ती लिहायला लावतो. ती भरण्यासाठी त्यांना ढोर-चांभारांच्या जुन्या वस्तीत जावे लागते आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसून विचारावे लागते, की पातळ पाण्याला काय म्हणत, कडक पाण्याला काय म्हणत, साल कोणत्या महिन्यात काढत, हिरडा कधी टाकत आणि कातडे पिकल्याचे कशावरून ओळखत. कोशात न सापडणारे शब्द तिथे आहेत. ते सांगणारी माणसे आता वयाने फार झाली आहेत, आणि त्यांतली काही पहिल्या भेटीत या विषयावर बोलायलाच तयार होत नाहीत. तेव्हा दुसऱ्यांदा जावे लागते.